रांग भरली तर काय? नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची उद्दिष्टं ठरवताना

तुम्ही चौघं मिळून नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेताय. आधी रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डवर चालवायची, जमलं तर पुढे लॅपटॉपवर. त्यासाठी तुम्ही सात उद्दिष्टं लिहून काढलीत: वेगवान, सुरक्षित, विश्वासार्ह, पोर्टेबल (वेगवेगळ्या प्रोसेसरांवर चालणारी), वापरायला सोपी, मायक्रोकर्नल रचनेची (म्हणजे कर्नल हा सिस्टिमचा गाभा लहान आणि बाकी कामं त्याच्या बाहेर) आणि लिनक्सची सगळी ॲप्लिकेशन्स चालवणारी. प्रश्न एवढाच विचारलात, की यादी बरोबर आहे का आणि काही राहिलंय का. मी वीसेक वर्षं कर्नल आणि ड्रायव्हर (हार्डवेअरचा एकेक भाग चालवणारे प्रोग्रॅम) लिहितोय, त्यातला बराच काळ छोट्या यंत्रांच्या रिअल-टाइम, म्हणजे काम ठरल्या वेळेत झालंच पाहिजे अशा सिस्टिमवर गेला. त्यामुळे उत्तर सविस्तर देतो, कारण या टप्प्यावर घेतलेले निर्णय पुढे दहा वर्षं सोबत राहतात.

यादीत एक गोष्ट राहिलीय, ती पुढे येईलच. खरी अडचण वेगळी आहे. मंद, असुरक्षित, बेभरवशाची सिस्टिम लिहायची असं ठरवून कोणीच बसत नाही. तुमच्या पहिल्या पाच शब्दांना कोणी हरकत घेणार नाही, आणि म्हणूनच त्यांचा काम करताना उपयोग होणार नाही. उद्दिष्टांचा कागद नेमका कधी लागतो? तुमच्यातल्या दोघांचं एखाद्या फंक्शनवरून जुंपतं, दोघंही जाणते असतात, दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं असतं, तेव्हा. त्या वेळी कागद उघडून निकाल लागला पाहिजे. 'विश्वासार्ह' या शब्दाने तो लागत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही मोटर चालवणाऱ्या एका कंट्रोलरसाठी छोटा कर्नल लिहिला होता. नियंत्रणाचा थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारं एक काम, दर मिलिसेकंदाला जागा व्हायचा, सेन्सर वाचायचा, मोटरला आदेश द्यायचा आणि पुन्हा झोपायचा. काही गडबड दिसली तर तो एक ओळ लॉगच्या (नोंदींच्या) रांगेत टाकायचा. रांगेत ६४ जागा होत्या. पलीकडे कमी प्राधान्याचा एक थ्रेड एकेक ओळ उचलून सिरियल पोर्टवर पाठवायचा. पोर्टचा वेग ११५२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), म्हणजे साठेक अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला सुमारे ५ मिलिसेकंद. एका चाचणीत सेन्सरची वायर सैल झाली आणि प्रत्येक फेरीत चूक नोंदवली जाऊ लागली. सेकंदाला हजार ओळी आत येतायत आणि दोनशेसुद्धा बाहेर जात नाहीयेत. रांग ८० मिलिसेकंदांत भरली. भरल्यावर आमचा सेंड कॉल (ओळ रांगेत टाकणारं फंक्शन) जागा मोकळी होईपर्यंत थांबायचा. नियंत्रणाचा थ्रेड तिथे थांबला, मुदत चुकली, वॉचडॉगने (यंत्र वेळेत प्रतिसाद देत नसेल तर ते पुन्हा सुरू करणाऱ्या सोयीने) बोर्ड रीसेट केला. पुन्हा बूट झालं, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी दोन सहकाऱ्यांत वाद सुरू झाला. एक म्हणाला, रांग भरली तर ओळ टाकून द्या, कॉल लगेच परत आला पाहिजे. दुसरी म्हणाली, नेमकी बिघाडाच्या वेळची नोंद तुम्ही टाकून देणार, मग बिघाड शोधायचा कशावरून? आमच्या कागदावर 'विश्वासार्ह' लिहिलेलं होतं आणि दोघंही त्याच शब्दावर बोट ठेवत होते. एकाच्या लेखी विश्वासार्ह म्हणजे मुदत न चुकणं, दुसरीच्या लेखी माहिती न हरवणं. दोघांपैकी कोणीच चुकीचं नव्हतं. तीन दिवसांनी तो शब्द खोडून आम्ही एक वाक्य लिहिलं: 'नियंत्रणाची मुदत कोणत्याही कारणाने चुकणार नाही; त्यासाठी नोंदी गमवाव्या लागल्या तरी चालेल, मात्र किती नोंदी गमावल्या याचा आकडा नेहमी मिळेल.' त्या एका वाक्याने पुढच्या दोन वर्षांतले कितीतरी वाद पाच मिनिटांत मिटले. मेमरी मागणारे कॉल नियंत्रणाच्या थ्रेडमधून बंद झाले, तेही याच वाक्यामुळे.

म्हणून तुमच्या प्रश्नाची फेरमांडणी मी अशी करेन: दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की तुमच्या सिस्टिममध्ये कोणती जिंकणार, आणि हरणाऱ्या गोष्टीचं काय होणार?

याला सगळीकडे चालणारं एक उत्तर नाही. ते तुम्ही कोणासाठी लिहिताय यावर ठरतं. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि १२०१ हे इशारे दिले. रेंडेव्हू रडारच्या (दुसऱ्या यानाला गाठण्यासाठीच्या रडारच्या) जोडणीमुळे संगणकाचा काही वेळ फुकट जात होता आणि कामांची नोंद ठेवायला जागा उरत नव्हती. तिथली सॉफ्टवेअर व्यवस्था अशी रचलेली होती, की जागा संपली तर स्वतःला पुन्हा सुरू करायचं, महत्त्वाची कामं जिथे होती तिथून उचलायची आणि बिनमहत्त्वाची सोडून द्यायची. यान उतरलं. हा नशिबाचा भाग नव्हता. जागा संपली तर काय, हा प्रश्न कोणीतरी आधीच विचारून ठेवला होता.

आता लिनक्स बघा. तिथे नेहमीच्या रचनेत प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) मागितलेली मेमरी प्रत्यक्षात शिल्लक आहे का याची काटेकोर खात्री न करता 'घे' म्हटलं जातं. बहुतेक प्रोग्रॅम मागितलेली सगळी मेमरी वापरत नाहीत, त्यामुळे हे सहसा खपून जातं आणि यंत्राचा पुरेपूर वापर होतो. पण सगळ्यांनी एकदम हक्क सांगितला, तर कर्नल एखादी प्रोसेस निवडतो आणि मारून टाकतो. सर्व्हरसाठी ही तडजोड अनेकांना मान्य आहे. मोटरच्या कंट्रोलरसाठी ती मला कधीच मान्य होणार नाही. दोन्ही ठिकाणचे लोक हुशार आहेत, त्यांनी फक्त वेगवेगळं काय हरवू द्यायचं ते ठरवलंय.

तर आधी हे ठरवा की तुमची सिस्टिम कोणाच्या हातात जाणार. शिकण्यासाठी लिहीत असाल, तर माझं म्हणणं स्पष्ट आहे: यादीतली सातही उद्दिष्टं खोडा आणि 'आम्हा चौघांपैकी प्रत्येकाला संपूर्ण कोड समजलेला असेल' एवढंच लिहा. एमआयटीची शिकवण्यासाठीची एक्सव्ही६ ही सिस्टिम काही हजार ओळींची आहे, कारण ती वर्गात वाचून संपली पाहिजे. त्यासाठी वेग आणि सोयी खुशाल सोडल्या आहेत. एखादी नवी कल्पना तपासून पाहायची असेल, तर ती कल्पना सोडून बाकी सगळं जुनं, उसनं आणि कंटाळवाणं ठेवा. लोकांनी रोज वापरावी अशी सिस्टिम हवी असेल, तर मात्र पुढचं सगळं लागू होतं.

इतिहासातलं एक उदाहरण इथे फार उपयोगी आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली. वीज किंवा टेलिफोनसारखी संगणकसेवा चोवीस तास मिळावी, शेकडो लोकांनी एकाच वेळी ती वापरावी, एकाची माहिती दुसऱ्यापासून सुरक्षित राहावी, अशी तिची झेप होती. काम लांबलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली. त्याच वर्षी तिथल्या केन थॉम्पसनने पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली, डेनिस रिची सोबत होता. युनिक्स म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी बनवलेलं कामाचं टेबल. पण ही गोष्ट 'लहान जिंकलं, मोठं हरलं' इतकी सरळ नाही. मल्टिक्स पूर्ण झाली आणि तिची शेवटची स्थापना २००० साली बंद झाली. सुरक्षेचा विचार तिच्यात मुळापासून होता. युनिक्स एकमेकांवर विश्वास असलेल्या लोकांच्या खोलीत वाढली, म्हणून सगळे अधिकार असलेला रूट हा एक वापरकर्ता आणि त्याच्या नावाने चालणारे प्रोग्रॅम ही रचना तिला पुरली. ती रचना आपण आजही वागवतोय. उद्दिष्टांत जे लिहिलेलं नसतं, त्याचीही किंमत अशी मोजावी लागते.

विंडोज एनटीचं उदाहरण मला याहून आवडतं, कारण तिथे उद्दिष्टं केवळ लिहिली नव्हती, पाळण्याची सोयही केली होती. एनटीचा प्रमुख रचनाकार डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आला आणि १९९३ मध्ये एनटीची पहिली आवृत्ती बाहेर पडली. पोर्टेबिलिटी हे मोठं उद्दिष्ट होतं. खरं तर गिऱ्हाइकांकडे एक्स८६ प्रोसेसरची यंत्रं होती, तरी चमूने सुरुवात मुद्दाम इंटेलच्या आय८६० या वेगळ्याच प्रोसेसरवर केली आणि नंतर मिप्स या प्रोसेसरवर गेले. एक्स८६ वर सुरुवात केली असती, तर त्याच्या सवयी नकळत कोडमध्ये शिरल्या असत्या. पुढे तोच कर्नल आर्म प्रोसेसरवर गेला. उलट बाजूही सांगितली पाहिजे: १९९६ च्या ४.० आवृत्तीत वेगासाठी ग्राफिक्सचा मोठा भाग कर्नलच्या आत आणला गेला. विश्वासार्हतेचा काही भाग देऊन वेग घेतला. तो निर्णय बरोबर की चूक यावर अजून मतभेद आहेत. पण तो एक सौदा होता आणि सौदा म्हणूनच झाला.

यावरून तुमच्या 'पोर्टेबल'विषयी. हा शब्द ठेवायचा असेल तर पहिल्या आठवड्यापासून दोन आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या घराण्यांवर) बूट करा, ६४ बिट आर्म आणि एक्स८६ किंवा रिस्क-फाइव्ह. 'नंतर पोर्ट करू' म्हटलं की काय होतं ते सांगतो. एक्स८६ वर एका कोअरने केलेल्या लिखाणांचा क्रम दुसऱ्या कोअरला जवळपास तसाच दिसतो. त्यामुळे कोडमध्ये बॅरियर (क्रम पाळायला लावणारी सूचना) राहून गेला तरी महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. तोच कोड आर्मवर नेला की 'डेटा तयार' ही खूण आधी दिसते आणि त्यामागचा डेटा नंतर. हा बग दहा हजारांत एकदा येतो आणि प्रिंट टाकली की गायब होतो. दुसरं, मेमरीच्या पानाचा (एकेका तुकड्याचा) आकार ४ किलोबाइटच असणार असं गृहीत धरलेलं शंभर जागी सापडतं, आणि ॲपलच्या आर्म लॅपटॉपसारख्या यंत्रांवर १६ किलोबाइटची पानं असतात. दोन आर्किटेक्चर रोज चालवणं परवडत नसेल, तर हे उद्दिष्ट खोडून टाका. त्यात कमीपणा काहीच नाही.

यादीतलं सगळ्यांत जड उद्दिष्ट शेवटी लिहिलंय: लिनक्सची सगळी ॲप्लिकेशन्स चालली पाहिजेत. माझ्या मते हे एक वाक्य बाकीच्या सहांना गिळून टाकेल. लिनक्समध्ये तीनशेहून अधिक सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायच्या विनंत्या) आहेत, पण कॉलची संख्या हा प्रश्नाचा छोटा भाग. प्रत्येक कॉलच्या कडेकोपऱ्यांतलं वागणं, सिस्टिमची माहिती देणाऱ्या प्रॉक फोल्डरातल्या फाइलींची मांडणी, साधनांना आज्ञा देणाऱ्या आयओसीटीएल या कॉलचे शेकडो प्रकार, चूक झाली तर नेमका कोणता कोड परत येतो, या सगळ्यावर कुठला ना कुठला प्रोग्रॅम अवलंबून असतो. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी सिस्टिम कॉलचं भाषांतर करणारा थर आणला. पुष्कळ काही चाललं. पण फाइल सिस्टिमचा वेग आणि राहून गेलेले कॉल पाठ सोडेनात, आणि २०१९ मध्ये जाहीर केलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी यंत्रात) थेट लिनक्सचा कर्नलच बसवला. एवढी मोठी कंपनी ज्या वाटेवरून मागे फिरली, त्या वाटेवर चौघांनी जाताना दहा वेळा विचार करावा.

शिवाय सुसंगतपणा रचनेलाच बांधून टाकतो. फोर्क घ्या. लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायचे तर फोर्क द्यावाच लागेल. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत, ८ गिगाबाइट मेमरीची प्रोसेस असेल तर कागदोपत्री आणखी ८ गिगाबाइटचं देणं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती प्रत लगेच दुसरा प्रोग्रॅम सुरू करते आणि मेमरी लागतच नाही. म्हणून 'असेल तेवढीच मेमरी देऊ' हा नियम कडक पाळला, तर मोठ्या प्रोसेसचा फोर्क विनाकारण नाकारावा लागतो. न नाकारायचा, तर शिल्लक नसलेली मेमरी कबूल करायची आणि वेळ आली की कोणाला तरी मारायचं. वर सांगितलेली लिनक्सची सवय बऱ्याच अंशी इथून येते. सुसंगतपणाचा एक कॉल स्वीकारताच मेमरी संपल्यावर काय, या प्रश्नाचं तुमचं उत्तर दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं.

माझा सल्ला असा: 'सगळी' हा शब्द काढा. तुम्हाला खरंच लागणारे पाच प्रोग्रॅम नावानिशी लिहा. कंपायलर, एक एडिटर, एक शेल (टाइप केलेल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम), एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याचं साधन), एखादा छोटा वेब सर्व्हर. ते सोर्समधून तुमच्या सी लायब्ररीवर पुन्हा बांधा. बाकीच्यांसाठी पुढे व्हर्च्युअल मशीन करता येईल.

ड्रायव्हरांचंही इथेच बोलून घेऊ, कारण तुमच्या यादीत ते कुठेच नाहीत आणि काम सगळ्यांत जास्त तेच खाणार आहेत. लॅपटॉप म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, टचपॅड, झोपणं आणि उठणं, बॅटरी, आणि प्रत्येक मॉडेलला वेगळं. २००१ मध्ये लिनक्स आणि ओपनबीएसडीच्या कोडचा एक अभ्यास झाला होता. त्यात ड्रायव्हरांमधल्या चुकांचं प्रमाण कर्नलच्या इतर भागांच्या तीन ते सात पटींपर्यंत निघालं. माझा अनुभव याहून वेगळा नाही. त्यामुळे सुरुवात क्यूईएमयू या आभासी यंत्रावर करा आणि व्हर्टआयओ या आभासी साधनांच्या प्रमाणित पद्धतीचे तीन ड्रायव्हर लिहा: डिस्क, नेटवर्क, कन्सोल. तेवढ्यावर सगळी सिस्टिम उभी राहते. मग एकच खरा बोर्ड निवडा. लॅपटॉप सध्या यादीतून काढा.

आता मायक्रोकर्नल. हे उद्दिष्ट नाही, तो मार्ग आहे. उद्दिष्ट असं लिहिता येईल: 'कोणताही ड्रायव्हर कोसळला तरी बाकीची यंत्रणा चालू राहील आणि तो ड्रायव्हर एका सेकंदाच्या आत पुन्हा सुरू होईल.' असं लिहिलंत की ते मोजता येतं, आणि मग मायक्रोकर्नल त्याला योग्य आहे का ते ठरवता येतं. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली, कारण ते सॉफ्टवेअर कर्नलच्या आत चालत होतं. अशा उद्दिष्टाची गरज कोणाला पटवून द्यावी लागू नये.

किंमतही खरी आहे. कर्नलच्या बाहेर काम काढलं की प्रत्येक विनंतीला सीमा ओलांडावी लागते. माक या मायक्रोकर्नलचे निरोप (भागांमधले संदेश) महाग होते आणि त्यामुळे 'मायक्रोकर्नल म्हणजे मंद' असं अनेकांचं मत झालं. योखेन लिड्केने १९९० च्या दशकात एल४ हा मायक्रोकर्नल लिहून दाखवलं, की रचना नीट केली तर निरोप दहापटीहून स्वस्त होतो. २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरांतली त्रुटी उघड झाल्यावर मात्र ती असलेल्या प्रोसेसरांवर युजर आणि कर्नलची पानं वेगळी ठेवावी लागली आणि सीमा ओलांडणं पुन्हा महागलं. ही किंमत हार्डवेअरनुसार बदलत राहते. तुम्ही निवडलेल्या बोर्डवर एक निरोप जाऊन यायला किती मायक्रोसेकंद लागतात ते पहिल्या महिन्यात मोजा आणि मगच ठरवा.

सुरक्षेबद्दल मी थोडा जास्त आग्रही आहे. 'सुरक्षित' म्हणताना कोणापासून आणि कोणाला, हे लिहा. आजच्या बहुतेक सिस्टिममध्ये वापरणारा दुसऱ्या वापरणाऱ्यापासून सुरक्षित असतो. पण लॅपटॉपवर वापरणारा एकच असतो आणि धोका असतो त्याच्याच नावाने चालणाऱ्या प्रोग्रॅमचा. साधा चित्र दाखवणारा प्रोग्रॅम घ्या. त्याला एक फाइल वाचायची आहे. पण तो तुमच्या नावाने चालतो, म्हणून तो तुमच्या सगळ्या फाइली वाचू शकतो, पुसू शकतो आणि नेटवर्कवर पाठवू शकतो. चित्राच्या फाइलीत कोणी घातक कोड लपवून ठेवला, तर हे सगळे अधिकार त्याचे. केपेबिलिटीच्या, म्हणजे एकेका गोष्टीचा वेगळा परवाना देण्याच्या रचनेत प्रोग्रॅमला नावाने फाइल उघडताच येत नाही. तुम्ही निवडलेल्या फाइलीचा हँडल (तो परवाना) त्याच्या हातात दिला जातो आणि तेवढीच त्याची दुनिया. फ्युशिया या सिस्टिमचा झिरकॉन कर्नल अशा हँडलवर चालतो, फ्रीबीएसडी या सिस्टिममध्ये कॅप्सिकम ही तशीच सोय आहे. हे नंतर जोडायला गेलात तर प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागतो. नवी सिस्टिम लिहिण्याचं याहून सबळ कारण मला माहीत नाही. पण इथेही सौदा आहे, आणि तो थेट तुमच्या 'लिनक्सची सगळी ॲप्लिकेशन्स'शी आहे: ती सगळी नावानेच फाइल उघडतात.

भाषेबद्दल वाद घालू नका, मेमरीच्या चुका टाळणारी रस्ट घ्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं, की ते दरवर्षी दुरुस्त करत असलेल्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापराच्या असतात. मात्र रस्टमुळे रचना आपोआप सुरक्षित होत नाही. चित्र दाखवणारा प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहिला तरी त्याचे अधिकार तेवढेच राहतात. आणि कोणी तुम्हाला 'कोड बरोबर असल्याची गणिती सिद्धता करा' असं सुचवलं तर एसईएल४ या कर्नलचे आकडे समोर ठेवा: २००९ मध्ये सिद्ध झालेला कर्नल सी भाषेत ९ हजार ओळींच्याही आत होता, आणि सिद्धतेच्या ओळी होत्या सुमारे २ लाख. ते काम अमोल आहे, पण ते चौघांचं जोडकाम नाही.

'वेगवान'ला आकडा द्या आणि तो सरासरीचा आहे की सगळ्यांत वाईट वेळेचा, तेही लिहा. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. मार्स पाथफाइंडर १९९७ मध्ये मंगळावर उतरल्यावर त्याचा संगणक अधूनमधून रीसेट व्हायला लागला. कमी प्राधान्याच्या हवामानाच्या कामाने एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरलेला असायचा, वरच्या प्राधान्याच्या एका कामाला तोच हवा असायचा, आणि मधल्या प्राधान्याची कामं खालच्याला चालूच देत नसत. वरचं काम वेळेत संपलं नाही की संगणक रीसेट व्हायचा. प्राधान्याचा वारसा (कुलूप धरणाऱ्याला तात्पुरतं थांबलेल्याचं प्राधान्य) देण्याची सोय त्या म्युटेक्समध्ये होती, ती फक्त बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रीसेट थांबले. तुमच्या सिस्टिममध्ये ही सोय मुळात चालू असेल की बंद, हे कशावरून ठरवाल? 'वेगवान' यावरून ठरणार नाही. 'सर्वोच्च प्राधान्याचा थ्रेड अमुक मायक्रोसेकंदांच्या आत चालू झालाच पाहिजे' यावरून लगेच ठरेल.

आता क्रम. कोणते निर्णय आज घ्यायचे आणि कोणते पुढे ढकलायचे, यासाठी मी एकच कसोटी लावतो: तो निर्णय बाहेरच्या प्रोग्रॅमला दिसतो का? शेड्युलर (कोणतं काम कधी चालेल ते ठरवणारा भाग), मेमरी वाटप, फाइल सिस्टिमची आतली रचना हे आत असतं. आज साधं लिहा, तीनदा फेकून द्या, कोणाला कळणारही नाही. सिस्टिम कॉलचा आकार, चुका कळवण्याची पद्धत, नावं, वेळ आणि अधिकार हे मात्र बाहेर दिसतं आणि एकदा लोकांनी वापरलं की तुमचं राहत नाही. युनिक्सने वेळ ३२ बिटांत मोजली. ती १९ जानेवारी २०३८ ला संपते, आणि लिनक्समध्ये ३२ बिट यंत्रांसाठीचं ते काम २०२० च्या ५.६ आवृत्तीपर्यंत चालू होतं. तुम्ही वेळ पहिल्या दिवशी ६४ बिट नॅनोसेकंदांत घ्या आणि भिंतीवरचं घड्याळ व न मागे जाणारं घड्याळ वेगळी ठेवा. मजकुराची एन्कोडिंग यूटीएफ-८ ठरवून टाका. थांबणाऱ्या प्रत्येक कॉलला मुदत देता आली पाहिजे आणि तो मध्येच रद्द करता आला पाहिजे. हे नंतर घुसवणं किती त्रासाचं असतं ते मी दोनदा अनुभवलंय.

एवढं सगळं धरून तुमची यादी मी अशी लिहिली असती. पहिलं, प्रोग्रॅमला दिलेल्या हँडलांपलीकडे काहीही करता येणार नाही. त्यासाठी जुन्या प्रोग्रॅमशी सुसंगतपणा सोडू. दुसरं, ड्रायव्हर कोसळला तर एका सेकंदात पुन्हा उभा राहील. त्यासाठी वेगाचा ठरावीक वाटा सोडू, किती ते मोजून लिहू. तिसरं, कर्नल एवढा लहान राहील की नवा माणूस तो महिन्याभरात वाचून समजून घेईल. त्यासाठी सोयी सोडू. क्रम हाच, म्हणजे दुसरं आणि पहिलं भांडलं तर पहिलं जिंकेल. शेवटी 'आम्ही काय करणार नाही' याच्या ओळी: लॅपटॉप नाही, लिनक्सच्या तयार बायनरी नाहीत, ग्राफिक्स नाही. तुमचा क्रम वेगळा असू शकतो, तुम्हाला सुसंगतपणा सगळ्यांत वर हवा असेल तर तसं करा. फक्त मग केपेबिलिटीची आशा त्याच बैठकीत सोडून द्या.

कोड लिहायच्या आधी एक काम करा. तुमच्या निरोपांच्या रांगेचं फक्त एक पान लिहा: रांग भरली तर पाठवणारा थांबेल, की चूक घेऊन परत येईल, की जुना निरोप टाकला जाईल? घेणारा मेला तर पाठवणाऱ्याला कधी कळेल? रांगेची मेमरी कोणाच्या खात्यातून जाईल, पाठवणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या? चौघांनी वेगवेगळं बसून लिहा आणि मग चारही पानं शेजारी ठेवा. ती जुळली नाहीत तर पुढची बैठक त्याच ओळींवर घ्या. ती पानं मला दाखवलीत तर पुढचं आपण त्यावरूनच बोलू.